केसपेपरमागची खोडलेली ओळ

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि त्यानंतर हातात पेन्सिल आली ती दळणाच्या डब्यावर नाव घालायला. पण एकदा मी एका केसपेपरच्या मागे चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक खोडली होती. त्या चार ओळींनी घरात काय काय झालं ते कोणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणी नव्हतंही. आता नातवाची अर्धी कोरी वही मिळाली आहे, दुपारी घरात कोणी नसतं, म्हणून लिहिते.

माझं माहेर वरणगावकडचं. लग्न होऊन आले ती एरंडोल आणि धुळ्याच्या मधल्या एका खेड्यात. अंतर फार नाही, पण बोली पार वेगळी. मी तोंड उघडलं की सासरच्या बाया हसायच्या. वाईट मनानं नाही, पण हसायच्या. मुळात मी कमी बोलणारी, त्यात हे. मग मी बोलणंच सोडलं. घरात सासूबाई, त्यांना सगळे माय म्हणत. थोरले दीर, म्हणजे माझे जेठ. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणायचे. माझे मालक आणि आमची दोन मुलं. अक्काच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या होत्या.

आमच्याकडे धाकट्या सुनेनं जेठांसमोर बोलायचं नाही अशी रीत. ते ओट्यावर आले की पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा आणि आत जायचं. ताट वाढायचं ते दाराआडून सरकवून. बारा वर्षांत जेठांनी माझा आवाज ऐकला नसेल. मला ते जड गेलं नाही. उलट बरं वाटायचं, एका माणसाशी तरी बोलायचं काम नाही म्हणून.

अक्का माझ्या अगदी उलट. विहिरीवर ती असली की चार घरं लांबून कळायचं. मला ती 'नवी' म्हणायची. माझा धाकटा शाळेत जायला लागला तरी मी नवीच. "काय वं नवी, आज भाजीमा मीठ शे की तुना माहेरले राही गयं?" असं सगळ्यांसमोर विचारायची, आणि मी लाजून मान खाली घातली की हळूच माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. माझ्या आईनंही केली नसती अशी.

तिचे पाय दुखायला लागले ते नव्वद सालच्या थोडं आधी. आधी गुडघे सुजले. मग नडग्यांवर तांबड्या गाठी उठल्या, बोराएवढ्या. हात लावला की ती ओरडायची. एखादी गाठ फुटायची तर पू यायचा नाही, तेलासारखं पातळ काहीतरी यायचं. फडक्याला डाग पडायचा तो निघायचा नाही. मायनं एरंडाची पानं गरम करून बांधली, कोणीतरी बिब्बा लावला, त्यानं कातडी जळाली ती वेगळीच. अक्का पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "देख वं नवी, मना पायले टमाटा लागनात. बजारले नेऊत का?" बायांना हसू यायचं. रात्री ती उशी तोंडात धरून झोपायची, ते मला माहीत होतं.

पायांचं दुखणं सगळ्यांना दिसत होतं. दुसरं जे होतं ते फक्त मला दिसलं.

आम्ही दोघी पहाटे उठायचो. मी चूल पेटवायची, ती अंगण झाडायची. एका सकाळी झाडू पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर अक्का अंगणाच्या मधोमध उभी. थंडीचे दिवस, आणि तिचं पोलकं घामानं भिजलेलं. डोळे उघडे, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ओठ हलत होते. मी हात धरला तर तिनं मला अशी शिवी दिली की तशी तिच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. मी घाबरून तिला आत आणलं आणि चुलीवरचा चहा पाजला. माय सकाळचा चहा फार गोड करायला लावायच्या. अर्धा कप पोटात गेला असेल नसेल, अक्का एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कोठे व्हती वं, नवी? तोंडमा इतलं गोड काबरं लागस?"

तिला काहीच आठवत नव्हतं. कोणाला सांगू नको म्हणाली. मी तशीही कोणाला काय सांगणार होते.

मग असं पुन्हा झालं. आठ दिवसांनी, मग चार दिवसांनी. मी बघायला लागले. नेहमी सकाळीच. आदल्या दिवशी ती कमी जेवली असेल तर नक्की. आणि दर वेळी साखर पोटात गेली की ती परत यायची. भाकरी दिली तर उशिरा, साखर दिली तर लगेच. दळणाचा अंदाज यावा तसा मला त्याचा अंदाज येत गेला. मी लुगड्याच्या कनवटीला कागदाच्या पुडीत साखर ठेवायला लागले. तिच्या दातांना दात लागले असले तर गालाच्या आत बोटानं चोळायची. अक्का शुद्धीवर आली की आम्ही दोघी काही झालंच नाही अशा कामाला लागायचो. इथपर्यंत ते आमच्या दोघींचं होतं.

मग श्रावण आला आणि आमच्याकडे कानबाई बसली.

आमच्या भागात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. भाऊबंदकीतले सगळे एका घरी जमतात. घरात जितके पुरुष तितक्या मुठी गहू मोजून दळतात, त्याचे रोट करतात. रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत. बाया रविवारी दिवसभर उपास धरतात, आणि सोमवारी सकाळी देवीला वाजत गाजत नदीवर नेतात. मुठी मोजताना अक्का नेहमी गप्प व्हायची. माझ्या नवऱ्याच्या आणि दोन मुलांच्या मिळून तीन मुठी पडायच्या, तिच्या माणसाची एक. कोणी काही म्हणायचं नाही. पण गहू पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा.

त्या वर्षी अक्कानं रविवारी पाणीसुद्धा घेतलं नाही. सोमवारी सकाळी देवी उचलायची वेळ झाली, घर बायांनी भरलेलं, आणि अक्का घुमायला लागली. घाम, डोळे तसेच. आवाज वेगळाच, जाड. भाऊबंदकीतल्या एका म्हातारीनं हात जोडले आणि देवी अंगात आली म्हणून ओरडली, "कानबाई उनी वं, कानबाई उनी!" मायनं पळत जाऊन हळद-कुंकू आणलं. बाया पाया पडायला लागल्या. कोणी विचारलं, माझ्या पोराचं लग्न कधी होईल. अक्का काहीतरी बडबडली, त्याचा अर्थ म्हातारीनं सांगितला. मी गर्दीच्या मागे उभी. कनवटीत पुडी होती. पण माझ्या आणि अक्काच्या मध्ये वीस बाया आणि पलीकडे दारात जेठ हात जोडून उभे. मी कशी जाणार?

शेवटी मायनं नैवेद्याच्या खिरीचे दोन घास देवीला म्हणून तिच्या तोंडात घातले, आणि थोड्या वेळात अक्का शांत झाली. देवी तृप्त झाली, सगळे म्हणाले. खिरीत गूळ होता, हे मला माहीत होतं.

तेव्हापासून सगळं बदललं. देवी सोमवारी आली म्हणून अक्कानं रविवार आणि सोमवार उपास धरावा असं ठरलं. उपास धरला की सोमवारी सकाळी ते यायचंच. शेजारच्या गावांतून बाया यायला लागल्या. ओटी भरायच्या, नारळ आणायच्या, अक्काला माय म्हणायच्या. जेठ, जे तिच्याशी कामापुरतं बोलायचे, ते सोमवारी तिच्यासमोर उभे राहायचे तेव्हा चपला लांब काढून यायचे. आणि अक्का! तिचे पाय पायरी चढू देत नव्हते, पण तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं जे मी आधी पाहिलं नव्हतं. एकदा केस विंचरून देत होते तेव्हा म्हणाली, "इतला वरीस मी कोनले दिसनी नही वं. आते देख."

मी म्हणणार होते, अक्का, ते भुकेनं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी फणी पुसून ठेवली. सोमवारी गर्दी कमी झाली की मी गुपचूप साखर द्यायची, इतकंच माझ्या हातात होतं. कधी लवकर देता यायची, कधी फार उशीर व्हायचा. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

पाय मात्र बिघडत गेले. जळगावच्या एका डॉक्टरनं सांधेदुखी म्हणून गोळ्या दिल्या, त्या संपल्या. शेवटी जेठांनी तिला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं, आणि पाय धरून बसवायला बाई हवी म्हणून मला सोबत घेतलं. निघताना मायनं मला आत बोलावून सांगितलं, "देवीनी गोट दवाखानामा सांगानी नही. सुई-दवावाला लोकेसले त्यामाईन काय समजस?" मी मान हलवली. मला कोण विचारणार होतं!

धुळ्याचे डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे. त्यांनी गाठीचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. चार दिवसांनी बोलावलं तेव्हा त्यांनी कागद पुढे ठेवला. म्हणाले, "या गाठी पायाच्या नाहीत. पायातली चरबी विरघळते आहे. असं करणारा रस पोटात तयार होतो, स्वादुपिंडात. जठराच्या मागे असतं ते. तिथे काहीतरी आहे असं वाटतं." मग सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाच्या टोकाला लिंबाएवढी गाठ निघाली.

त्यांनी जेठांना विचारलं, "आणखी काही त्रास? चक्कर, घाम, शुद्ध जाणं?"

"नाही साहेब," जेठ म्हणाले. "बाकी काही नाही. पायच."

मी भिंतीला टेकून उभी होते, पदर नाकापर्यंत. मला ऐकू आलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलंही असेल. मी खाली फरशीकडे बघत राहिले. फरशीवर औषधाचा एक पिवळा डाग होता, तो आजही डोळ्यांपुढे आहे. त्या दिवशी मी बोलले असते तर पुढचे काही आठवडे वाचले असते. हे मी पुष्कळ वेळा मोजून पाहिलं आहे.

काही आठवड्यांनी पुन्हा गेलो ते पोटातली गाठ सुई घालून तपासायला. अक्काला भरती केलं. सकाळी सुई घालायची म्हणून रात्रीपासून काही खायचं नाही असं सांगितलं. मी रात्रभर जागी, पुडी मुठीत. उजाडताना तेच झालं. घाम आला, डोळे फिरले, आवाज जाड झाला. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. जेठ बाहेरच्या बाकावर होते, ते आवाजानं आत आले. आणि त्यांनी काय केलं, तर चपला दाराशी काढल्या, खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि खाटेपुढे हात जोडून उभे राहिले. "देवी, चुकी व्हयनी आम्हनी. दवाखानामा आनी टाकं, माफ कर." मोठा माणूस, डोळ्यांत पाणी. सिस्टर ओरडत होती, "बाजूला व्हा, काय चाललंय हे!"

माझे पाय कसे हलले मला माहीत नाही. मी जेठांच्या आणि खाटेच्या मधे गेले, अक्काचं तोंड धरलं आणि गालाच्या आत साखर चोळली. पदर खांद्यावर पडला होता, तेही नंतर कळलं. मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा. काय देताय त्यांना?" डॉक्टर होते. त्यांनी माझा हात धरून मूठ उघडायला लावली, साखर बघितली, आणि सिस्टरला आधी रक्त काढायला सांगितलं, लगेच, या क्षणी. मग सलाईनमधून काहीतरी दिलं. अक्का पाच मिनिटांत डोळे चोळत उठली. "काय वं, बठ्ठा मनाकडे का देखी राहिनात?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला कसं माहीत साखर द्यायची?"

जेठ तिथेच उभे होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आवाज निघाला नाही. डॉक्टर थांबले, पुन्हा विचारलं. मग सिस्टरच्या खिशातलं पेन दिसलं. मी बोटानं दाखवलं. तिनं पेन दिलं. मी खाटेला अडकवलेला केसपेपर काढला आणि त्याच्या मागे लिहिलं. अक्षरं फार मोठी आली, पाटीवर काढतात तशी.

'सकाळी उपाशी राहिली की असं होतं.
साखर दिली की बरं होतं.
दीड वर्ष झालं.
देवी नाही.'

शेवटची ओळ लिहून झाली आणि मी काय लिहिलं ते मला दिसलं. मी ती खोडली. दोनदा रेघ मारली. पण पेन शाईचं होतं, पाटीसारखं पुसलं जात नव्हतं, खालचं वाचता येत होतं.

डॉक्टरांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. त्यांचा काही दोष नाही. त्यांना वाटलं असेल की घरच्यांनीही ऐकावं. पहिल्या तीन ओळी वाचल्या, मग कागद डोळ्यांजवळ नेला आणि खोडलेलीही वाचली. "देवी नाही," ते म्हणाले. नंतर त्यांच्या लक्षात आलं असावं, ते थांबले. अक्का तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईचा हात धरून तोंडावरून पाणी फिरवायला न्हाणीकडे गेली होती, तिनं ऐकलं नाही. जेठांनी ऐकलं. त्यांनी कुंकवाची पुडी घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

रक्ताचा कागद आला तेव्हा साखर इतकी कमी निघाली की डॉक्टर म्हणाले, "या बाई चालत्या कशा होत्या हेच कळत नाही." मग त्यांनी जेठांना बसवून समजावलं. मी दाराबाहेर, पण ऐकू येत होतं. पाय खराब करणारी गाठ एका जातीची असते, साखर कमी करणारी दुसऱ्या जातीची. एका माणसाला दोन्ही कशा? त्यांनाही खात्री नव्हती. त्यांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली, आणि सोबत तो केसपेपरही जेठांकडे दिला.

मुंबईला अक्काला घेऊन जेठ आणि माझे मालक गेले. मी घरी राहिले. ऑपरेशन झालं, महिन्याभरानं ते परत आले, आणि टाके बघायला धुळ्याला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मुंबईचा कागद वाचून सांगितला. "एकच गाठ होती," ते म्हणाले. "पण त्या एका गाठीत दोन जातीच्या पेशी होत्या, एकमेकीत मिसळलेल्या. काही पचनाचा रस करणाऱ्या, काही साखर उतरवणाऱ्या. फार क्वचित दिसतं. मी पुस्तकातच वाचलं होतं." जेठांना ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. मला लगेच कळलं. आमच्याकडे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. पिठाच्या एका चिमटीत दोन्ही असतात. डॉक्टरला फक्त ज्वारी दाखवली होती, उडीद आम्ही घरीच लपवून ठेवला होता. हे सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

ते असंही म्हणाले की गाठ काढली असली तरी अशी गाठ परत येते, लिव्हरमध्ये बहुधा. हे त्यांनी फक्त जेठांना सांगितलं असं त्यांना वाटत होतं. मी दारात होतेच.

अक्काचे पाय बरे झाले. गाठी सुकल्या, काळे डाग राहिले. सकाळी घाम येणं बंद झालं. ती भराभरा झाडू मारायला लागली. आणि सोमवारी बाया आल्या, ओट्यावर बसल्या, अक्का उपाशी, सगळे वाट बघत, आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या सोमवारी कमी आल्या. तिसऱ्या सोमवारी एक म्हातारी आली, ती पाणी पिऊन गेली.

केसपेपरवर मी लिहिलेलं जेठांनी मुंबईत मालकांना सांगितलं असावं, आणि मालकांकडून ते मायला कळलं. त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. भाकरी खायच्या, पाणी मात्र स्वतः घ्यायच्या. एकदाच बोलल्या, भांडी घासत होते तेव्हा: "तुनी चिठ्ठीनी देवी घरमाईन काढी दिधी." मी राखेनं भांडं घासत राहिले.

अक्कानं मात्र खूप दिवस काही विचारलं नाही. शेंगा तोडायचे दिवस होते, आम्ही दोघी अंगणात वेल घेऊन बसलो होतो, तेव्हा विचारलं. "कागदवर तू काय लिखेल व्हतं, नवी?" तिला वाचता येत नव्हतं. मी पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. ती थांबली. "बस? इतलंच?"

"इतकंच," मी म्हटलं.

"मग यांनी मनाशी बोलनं काबरं सोडं?"

जेठांनी तिला चौथी ओळ सांगितली नव्हती. का ते मला कळलं नाही. मला वाचवायचं होतं की तिला, की स्वतःला, कोण जाणे. अक्का शेंगा तोडत म्हणाली, "तू मना जीव वाचाडा, माले समजस. पन सोमवारे बाया माले माय म्हनेत. आते माले कोन काय म्हनी?" तिनं मग नेहमीसारखी चेष्टा केली, "तू म्हन. तू ते बोलतच नही, तुनं कोन ऐकी!" आणि हसली. पण शेंगा तोडणारे तिचे हात थांबले होते.

पुढच्या श्रावणापर्यंत ती पिवळी पडली. पोट फुगलं, हातपाय काड्यांसारखे झाले. धुळ्याला नेलं, डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि घरीच ठेवा म्हणाले. सकाळचं तेही परत आलं. या वेळी पाय सुजले नाहीत, नुसती साखरच उतरायची, आणि आधीपेक्षा जोरात. दर दोन-तीन तासांनी मी काहीतरी गोड तिच्या तोंडात घालायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, उशीर केलात तर मेंदूला धक्का बसेल, परत येणार नाहीत.

त्या वर्षीही कानबाई आमच्याच घरी बसली. शनिवारी दुपारी अक्कानं मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाली, "सोमवारनी सकाळले साखर कमरले बांधी ठेव. पन लगेच देऊ नको. बाया येतीन. त्यासले देखू दे."

मला काय मागते आहे ते कळायला वेळ लागला. "अक्का, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना? उशीर झाला तर?"

"मरानं ते शेच वं. एकदाव देखू दे त्यासले."

"तुला तर काही आठवत नाही त्यातलं. तुला काय मिळणार?"

तिनं छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू सांगजो ना. मी इचारसू, तू सांगजो."

सोमवारी सकाळी अक्काला भिंतीला टेकवून देवीसमोर बसवलं. उशिरापर्यंत काही दिलं नव्हतं, मीच दिलं नव्हतं. घाम सुटला. डोळे फिरले. बायांमध्ये कुजबुज झाली, आणि ती म्हातारी, तीच, उठून उभी राहिली: "उनी वं माय, उनी!" मायनं कुंकू लावलं. पुढच्या घरच्या सुनेनं ओटी भरली आणि विचारलं, मला मूल होईल का. अक्काचे ओठ हलले. मी या वेळी पुढे बसले होते, अगदी तिच्या गुडघ्याला लागून. पुडी सोडून मुठीत घेतली होती. घामानं साखर चिकट झाली होती. एक बाई पाया पडली. दुसरी पडली. अक्काची मान एका बाजूला कलायला लागली, ती नेहमी कलायची तशी नाही, सैल. तिसरी बाई वाकली तेव्हा मी उठले. तिला कोपरानं बाजूला केलं. माय ओरडल्या. मी अक्काचा जबडा उघडला आणि सगळी मूठ आत घातली.

ती लवकर आली नाही. मी साखर चोळत राहिले, पाणी घातलं, परत चोळली. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. वाजंत्री दारात थांबली होती. मग तिच्या पापण्या हलल्या. तिनं मला ओळखायला वेळ घेतला. सगळ्या बाया बघत होत्या, दारात जेठ उभे होते, चपला काढून. अक्कानं अगदी हळू विचारलं, "नवी. उनी व्हती का?"

"उनी व्हती," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं. तिच्या बोलीत, सगळ्यांसमोर, जेठांसमोर. इतकी वर्षं ज्या बोलीला मी तोंड लावलं नव्हतं ती बरोबर आली, कोणी हसलं नाही. अक्कानं डोळे मिटले. तिचा उजवा हात त्या दिवसापासून नीट उचलला गेला नाही.

पोळ्याच्या आधी ती गेली. सगळे म्हणतात दुखण्यानं गेली, आणि दुखणं होतंच. तिसरी बाई वाकेपर्यंत मी थांबले ते कोणाला माहीत नाही. पहिलीच्या वेळी उठले असते तर हात राहिला असता का, हे डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी मी ओट्यावर दिवा ठेवायला गेले तर जेठ तिथेच बसलेले. मी पदर ओढून मागे फिरले. पाठीमागून ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, "तो कागद मनाजवळ शे. फाडू का?"

मी दाराआड उभी राहिले. मग म्हटलं, "राहू द्या."